दावीदाचं नाव घेता, मग नाथानाचं का नाही?

पुण्यातल्या आपल्या ख्रिस्ती ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: बायबलमधला राजा दावीद चुकला तरी देवाने त्याला 'माझ्या मनासारखा' म्हटलं, गच्चीवर स्नान करणारी बथशेबा पाहून कोणीही घसरेल, तेव्हा पाळकांचे, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंचे, दोष काढू नका, 'माझ्या अभिषिक्तांना (देवाने निवडलेल्यांना) हात लावू नका', येशूचा शिष्य पेत्र यानेही प्रभूला नाकारलं होतं. घोरपडीच्या माझ्या मावशीने मंडळीच्या इमारत फंडाचा हिशोब मागितला, त्याला उत्तर म्हणून तिला हाच मेसेज आला. ती गप्प बसली. मी बसणार नाही.

गच्चीवर बथशेबा नव्हतीच, दावीद होता! २ शमुवेल, अध्याय ११ उघडा. सैन्य राब्बा शहराला वेढा घालून बसलंय, तिचा नवरा उरीया तिकडेच, आणि राजा यरुशलेमेत गच्चीवर फेऱ्या मारतोय. ती उरीयाची बायको हे कळल्यावरही त्याने माणसं पाठवून तिला आणवलं. राजाच्या माणसांना ती नाही कशी म्हणणार? तिला दिवस गेले तसं, मूल उरीयाचंच वाटावं म्हणून त्याला घरी पाठवायला बोलावून घेतलं, दारू पाजली. सोबतचे शिपाई उघड्यावर झोपतात म्हणून तो तरीही घरी गेला नाही. मग सेनापती यवाबाला पत्र: याला तुंबळ लढाईत पुढे ठेवा आणि मागे हटा. ते पत्र उरीयाच्याच हाती दिलं. याला घसरणं म्हणायचं?

पुढचाच अध्याय मेसेजमध्ये गाळलाय. नाथान संदेष्ट्याने श्रीमंताने हिसकावलेल्या गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगितली, राजा संतापला, तेव्हा नाथान तोंडावर म्हणाला, तो माणूस तूच. बथशेबेवर तो कसलाच ठपका ठेवत नाही. दाविदाला क्षमा मिळाली, हे मान्य. पण 'मी पाप केलं' असं कबूल केल्यावर. आणि तलवार त्याच्या घरातून गेली नाही ती नाहीच. 'मनासारखा' हे शब्द १ शमुवेल १३ मधले, दाविदाच्या आधीचा राजा शौल गादीवर असतानाचे, या प्रकरणाच्या कितीतरी आधीचे.

'अभिषिक्तांना हात लावू नका' हे स्तोत्र १०५ मधलं. त्याच्या आधीच्या ओळी वाचा: परमुलखात भटकणाऱ्या अब्राहाम, इसहाक, याकोबासाठी देव राजांना दटावतोय. ताकीद गादीवरच्यांना आहे. एन-गेदीच्या गुहेत दाविदाने, आपला पाठलाग करणाऱ्या शौलावर तो अभिषिक्त राजा म्हणून हात टाकला नाही, हे खरं. पण बाहेर येऊन झग्याचा कापलेला काठ दाखवत जाब विचारलाच.

राहिला पेत्र. अंत्युखियात तो लोकांच्या भीतीने विदेशी विश्वासणाऱ्यांच्या पंगतीतून उठला, तेव्हा प्रेषित पौलाने त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. गलतीकरांस पत्र, अध्याय २. मावशीने तर नुसता हिशोब मागितलाय.