‘पोथी’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

साहेब, कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट करणाऱ्या ‘शक्ती’ योजनेचा परिणाम कसा मोजावा, यावरच्या माझ्या लेखाबद्दल ‘निपाणी स्टँडवर उभं राहा, मग कागलला; शक्तीनं बाया किती वाढल्या ते डोळ्याला दिसतं, तुमची पोथी कशाला?’ असं तुम्ही लिहिलंय. पोथी! बेळगावात पंधरा वर्षं संख्याशास्त्र शिकवतोय, एवढी तरी चाड ठेवायची. एक चूक कबूल: योजना १ जूनला नव्हे, ११ जून २०२३ ला सुरू झाली. लेखात दुरुस्त केलंय.

आता डोळ्याला काय दिसतं? गर्दी. ती माणसं वाढली म्हणून होते, तशी गाड्या कमी सुटल्या म्हणूनही होते. त्यात जूनमध्ये शाळा-कॉलेजं उघडतात. मे महिन्याशी ताडलं तर कुठलीही योजना यशस्वी ठरेल. योजनेच्या आदल्या वर्षीचा जून घ्यायला हवा.

बायकांना मिळणारी शून्य रुपयाची ‘झिरो तिकिटं’ मोजावीत, तर तिकीट म्हणजे बाई नव्हे. खानापूरहून निघालेली बेळगावात गाडी बदलून निपाणीला गेली की दोन तिकिटं. पासवालीला पूर्वी खेपेगणिक तिकीट लागत नव्हतं, आता लागतं. शिवाय याच तिकिटांच्या हिशोबानं महामंडळ सरकारकडं पैसे मागतं, हेही ध्यानात ठेवायचं. आणि काल वडापनं, म्हणजे खाजगी जीपनं, जाणारी आज बसला आली, तर बसचा आकडा वाढला. तिचं फिरणं होतं तेवढंच.

सीमेपलीकडच्या कागलचं तर सांगूच नका. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे ज्याच्याशी ताडायचं तेच तीन महिने आधी बदललेलं. मार्चआधी, मार्च ते जून आणि जूननंतर, असे तीन तुकडे पाडून दोन्हीकडं मोजा, शेजारी २०२२ चे तेच महिने ठेवा, मग बोलू.

खर्चाचं आणि पुरुषांना जागा न मिळण्याचं म्हणाल तर तो वेगळा विषय. ‘सरकारची तळी उचलता’ याला उत्तर देत नाही. योजना चालली असं मी लिहिलेलंच नाही, नीट वाचत चला.

तरी स्टँडवर जायचंच असेल तर वही न्या. एकच फलाट, सकाळी ८ ते १०, बाजाराचा दिवस नि पौर्णिमा सोडून. पौर्णिमेला यल्लम्माच्या दर्शनाला सौंदत्तीच्या गाड्या भरतात. गाडीगणिक बाया वेगळ्या, पुरुष वेगळे मांडा. मग पन्नासेक जणींना विचारा, ‘योजनेआधी हीच खेप कशानं करत होता?’ खाने तीन: बस, वडाप, येतच नव्हते. तिसरा भरला तर तुमचं म्हणणं मानीन. फक्त ‘फुकट झालं म्हणून आला काय?’ असं विचारू नका. सगळ्याच ‘होय’ म्हणतील.