किल्ल्याचं शिफ्टिंग

परवा फिल्म क्लबात मला, म्हणजे जवळजवळ आख्खा सिनेमा तोंड मिटून बसलेल्या माणसाला, "बोलायचं असेल तर बाहेर जा हो" असं भर हॉलमध्ये ऐकून घ्यावं लागलं. शेजारचे काका तेव्हा निवांत बडीशेप चघळत होते.

सिनेमा 'द घोस्ट गोज वेस्ट', रेने क्लेअरचा, १९३५ चा. स्कॉटलंडमधला कर्जबाजारी वारस किल्ला अमेरिकन शेठला विकतो, शेठ तो दगड न् दगड सुटा करून जहाजाने फ्लोरिडाला नेतो आणि त्यासोबत घराण्याचं भूतही फुकटात जातं. वारस आणि भूत दोन्ही रॉबर्ट डोनाटच, आणि भूत इतकं चावट की भीती वाटायचा प्रश्नच नाही.

काकांना भुताशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी नुकताच फ्लॅट शिफ्ट केलेला. किल्ला सुटा व्हायला लागला तसे ते सरसावून बसले. "दगडांवर नंबर टाकलेत ना?" मी मान हलवली. "अहो, आमच्या कपाटावर पण टाकले होते. डावं दार उजवीकडे बसवून गेले." मग, "जहाजात पाणी शिरलं तर भरून कोण देणार?" मग, "पॅकिंगचे वेगळे लावतात हां, आधी सांगत नाहीत." पडद्यावर बोटीत दोन शेठ भुतावरून भांडतायत, लोक हसतायत, आणि माझ्या कानात कपाटाच्या बिजागऱ्या.

शेवटी राहवेना. म्हटलं, काका, हे खरंच झालंय. हर्स्ट नावाच्या पेपरवाल्या शेठने १९२५ साली स्पेनमधला जुना मठ घेतला, सुटा करून सुमारे ११ हजार खोक्यांतून अमेरिकेला आणला, तिथे जनावरांच्या रोगाच्या भीतीने सरकारी माणसांनी खोकी फोडून आत भरलेला पेंढा जाळला आणि दगड परत भरताना नंबर बघितलेच नाहीत, पुढे फ्लोरिडात तो उभा करताना... आणि मागून ते वाक्य आलं.

मागच्या त्या सद्गृहस्थांच्या मोबाईलचा उजेड माझ्या मानेवर पडत होता, ते चालतं. हळू आवाजात माहिती दिली की शिस्त आठवते. वर्गणी आम्हीही तेवढीच भरतो हो! त्या गडबडीत ग्लोरी घराण्याचं भूत शत्रू मॅक्लॅगनांच्या वंशजाला गुडघ्यावर आणून 'एक ग्लोरी म्हणजे पन्नास मॅक्लॅगन' असं वदवून घेतं तोच सीन गेला, म्हणजे ज्यासाठी ते बिचारं एवढी वर्षं अडकून पडलेलं तो.

बाहेर पडताना काका म्हणाले, "पेंढा तरी घातला होता त्यांनी. आमच्याकडे नुसती रद्दी."