नको असलेलं यंत्र आणि भिजत घोंगडं

अहो, नको आहे ना तो एअर फ्रायर? मग आजच ठरवा! भेट आला, घरात आधीच एक आहे, तरी खोका ओट्याखाली तसाच. 'बघू पुढच्या आठवड्यात.' काय बघणार? परताव्याची मुदत खरेदीच्या किंवा घरपोच मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात, तुम्हाला सवड मिळाल्यापासून नाही!

आणि परतच करायचाय तर 'एकदा लावून बघू' हा सोस कशाला? बास्केटला तेल लागलं, मिक्सरच्या भांड्यात एकदा जरी वाटण फिरलं, की वस्तू वापरलेली. झाकणाच्या रबरी रिंगमध्ये बसलेला वास घासूनही सहजी जात नाही. थर्माकोल, आतली पिशवी, वॉरंटी कार्ड, सगळं हवं. खोक्यावरचा सीरियल नंबर यंत्राच्या बुडाशी असलेल्या नंबराशी जुळायला हवा. आणि लोक पहिल्याच दिवशी खोका फाडून रद्दीत देतात! का?

मुदत गेली? मग विका, पण नीट विका. एक अंधुक फोटो आणि खाली 'नव्यासारखा', एवढ्यावर कोण घेणार? किती वॅटचा, भांडी किती, बिल आहे का, काहीच नाही. बुडाशी वॅट आणि सीरियल नंबर छापलेल्या पट्टीचा फोटो टाका, चालू करून १० सेकंदांचा व्हिडिओ काढा. वॉरंटी सहसा बिलाच्या तारखेपासून धावते, त्यामुळे माळ्यावरचा प्रत्येक महिना किंमत खातो. रबर तर न वापरताही कडक होतं. आणि पूर्ण किंमत मागू नका हो! तेवढ्या पैशांत माणूस दुकानातून नवंच घेणार नाही का?