दुपारी बागा बंद असतात

पुण्यात महापालिकेच्या बऱ्याच बागांना सकाळी दहा-अकराला कुलूप लागतं, ते दुपार टळल्यावरच निघतं. म्हणजे एप्रिल-मेमध्ये ऊन अंगावर येतं, नेमकी तेव्हाच शहरातली सगळ्यात गार जागा बंद! म्हणून कुणी 'शहरात झाडं लावा' म्हणालं की मी आधी विचारते, कुठे?

बागेतलं झाड हवंच. पण रस्त्याकडेचं झाड त्याचं, ज्याला दुपारी घरी पडून राहायची सोय नाही. भाजीवाल्या मावशी, चपला शिवणारे काका, स्टँडवरचे रिक्षावाले, ऑर्डरची वाट बघत गाडीवर टेकलेली डिलिव्हरीची पोरं कुठे थांबतात ते एकदा बघा. कुठल्या झाडाची सावली किती वाजता कुठे पडते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल.

पत्र्याची शेड टाकली की झालं, असं म्हणणारे भेटतात. पत्रा स्वतः तापतो आणि वरून भाजून काढतो. झाडाने मुळांवाटे ओढलेलं पाणी पानांतून वाफ होऊन जातं आणि त्यात उष्णता खर्ची पडते, म्हणून पान तसं तापत नाही. खालचं डांबरही दिवसभर तापलेलं नसतं, त्यामुळे रात्री ते कमी धग सोडतं. झाडांनी झाकलेल्या प्रभात रोडवरून दुचाकीने येऊन एखाद्या उघड्याबोडक्या सिमेंटच्या रस्त्याला लागा, हेल्मेटच्या आत कळेल.

आता झाड कुठलं? आपण फुलांना भुलतो. गुलमोहर दिसतो देखणा, पण ऐन उन्हाळ्यात, फुलं येईपर्यंत, त्याच्या फांद्या बहुतेक उघड्याच असतात. लाकूड ठिसूळ, मुळं वरवर, त्यामुळे वळवाच्या पावसात मोडायलाही तोच पुढे. बहाव्याचंही तेच, फोटो सुंदर आणि खाली ऊन. याउलट करंज आणि कडुनिंब पानं झाडून मोकळे होतात आणि उन्हाचा कडाका वाढतो तोवर नव्या पालवीने भरून येतात. बकुळ सावकाश वाढते, पण वर्षभर हिरवी. वड-पिंपळाला अरुंद फूटपाथवर कोंडू नये, त्यांना मैदान द्यावं. देशी-विदेशीचा वाद मला फारसा पटत नाही. वर्षावृक्ष, म्हणजे रेन ट्री, दक्षिण अमेरिकेकडचा, पण जुन्या रस्त्यांवर त्याने धरलेलं छत्र कोण नाकारेल? माझी कसोटी एकच, मे महिन्यात दुपारी दोन वाजता खाली उभं राहता येतं का?

खरा राग पुढच्या गोष्टीचा आहे. राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांवरचं झाड 'वारसा वृक्ष' ठरलं आणि तोडलेल्या झाडाचं वय जितकं, तितकी रोपं लावायची असं आलं. कागदावर छान. पण साठ वर्षांचा वृक्ष रस्तारुंदीत गेला आणि साठ काटक्या गावाबाहेरच्या टेकडीवर लागल्या, तर त्या स्टॉपवर बसची वाट बघणाऱ्या आजींना काय मिळालं? सावलीची बदली दुसऱ्या गावी करता येत नाही.

जी उरलीत त्यांच्या गळ्याशी आपण पेव्हर ब्लॉक नेऊन भिडवतो. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्येच, दिल्लीच्या प्रकरणात, बुंध्याभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितलं होतं. आपल्याकडे किती झाडांना तेवढं आळं आहे? पाणी मुरत नाही, केबलच्या खोदाईत मुळं तुटतात, तारांसाठी एकाच बाजूच्या फांद्या छाटल्यामुळे तोल जातो. मग पावसाळ्यात झाड कोसळलं की 'झाडं धोकादायक' म्हणून आणखी चार तोडायची. झाड पडून माणसं दगावतात, गाड्या चेपतात, ती भीती खोटी नाही. पण त्यावर उपाय म्हणजे पावसाळ्याआधीची नीट छाटणी, जाणकाराच्या देखरेखीखाली. कंत्राटदाराने कुऱ्हाडीने केलेलं मुंडण नव्हे. (होर्डिंगसमोरचीच झाडं कशी वाळतात, हा वेगळा विषय. त्यावर पुन्हा कधीतरी.)

पाच जूनला, पर्यावरण दिनी, वीतभर रोप लावून फोटो काढणाऱ्यांशी माझं भांडण नाही. पण फूटपाथवर ते टिकत नाही. तिथे माणसाच्या उंचीएवढं, जाड खोडाचं रोप लागतं, भोवती पिंजरा लागतो आणि पहिले दोन-तीन उन्हाळे न चुकता पाणी. लावण्याचा खर्च थोडा, जगवण्याचा जास्त. निविदेत हे दुसरं कलम शोधा.

तुमच्या भागात रस्त्याचं काम निघणार असेल तर नारळ फुटायच्या आधी आराखडा मागा. पार्किंगला किती फूट आणि झाडांच्या आळ्यांना किती, एवढंच विचारा. आणि जे उत्तर मिळेल ते इथे कमेंटमध्ये टाका.