मान नाही, खांदे बघा

बान तवाईच्या (थायलंडमध्ये, चियांग माईजवळ) रंगीत लाकडी बाहुल्यांवरचा लेख चांगला आहे, पण 'करेन (म्यानमार-थायलंडमधली जमात) बाईच्या गळ्यात सुट्या रिंगा असतात आणि त्यांनी मान लांबते' हे दोन्ही चुकलंय. पहिली गोष्ट, पितळी वेढे सगळ्या करेन बायका घालत नाहीत, त्यांच्यातल्या कयान (पडाँग) पोटजमातीच्या घालतात. ते वेढे म्हणजे सुट्या रिंगा नसून गुंडाळलेली सळई असते. तिच्या वजनाने कॉलरबोन आणि वरच्या फासळ्या खाली दबतात, मान आहे तेवढीच राहते. म्हणून कोरताना खांदे उतरते हवेत. बाजारातल्या निम्म्या बाहुल्यांचे खांदे चौकोनी आणि त्यावर बाटलीसारखी मान!

दुसरं, कोरताना बाहुलीच्या मानेत लाकडाचे रेषे उभेच हवेत. आडवे आले तर वेढ्यांच्या खाचा पाडतानाच मुंडकं हातात येतं. लाकूड ओलं असेल तर रंग दिल्यावर गाभ्यापासून चीर जाते. इंचभर जाडीला साधारण १ वर्ष सावलीत वाळवावं लागतं. सोनेरी रंग पातळ द्यावा, नाहीतर खाचा बुजतात. आणि स्गॉ या करेनांच्या दुसऱ्या पोटजमातीत लांब पांढरा झगा अविवाहित मुलींचा, त्यामुळे लेखातल्या फोटोतली पांढऱ्या झग्यातली लेकुरवाळी खटकते.