बोहारीणसुद्धा नको म्हणते

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की सोसायटीच्या ग्रुपवर हमखास मेसेज पडतो. "चांगल्या स्थितीतले जुने कपडे आहेत, कुठे देता येतील?" खाली आठ-दहा जणी "मलाही सांगा" लिहितात. पत्ता कोणीच देत नाही, कारण तो फारसा उरलेलाच नाही.

आमच्याकडे बोहारीण अजून येते. पँट हातात आली की ती आधी गुडघा आणि बसायची जागा उजेडाकडे धरून बघते. जीन्स लगेच मांडीखाली जाते. सुती साडी, जरीचा काठ, शर्ट यांवर घासाघीस होऊन एखादं पातेलं पदरात पडतं. पण लेगिंग्ज आणि दोनशे रुपयांचे ते चमकदार टॉप ती चिमटीत धरून बाजूला टाकते. "ताई, याचं फडकंपण होत नाय." बरोबर बोलते. पॉलिएस्टर पाणी टिपतच नाही, नुसतं फरशीभर पसरवतं.

फास्ट फॅशनशी, म्हणजे झटपट बनणाऱ्या आणि झटपट टाकल्या जाणाऱ्या स्वस्त कपड्यांशी, माझं खरं भांडण इथे आहे. आपण कपडे फार घेतो हे आहेच, पण आता कपडा जुना व्हायच्याही लायकीचा राहिलेला नाही.

पूर्वी लुगडं विरलं की बाळाची दुपटी व्हायची, मग ते गोधडीत जायचं, उरलंसुरलं पायपुसण्याला आणि शेवटी पोतेऱ्याला. यात गोडवे गाण्यासारखं काही नाही. कापड महाग होतं आणि टाके घालताना डोळे बायकांचेच जायचे. पण कापडात तेवढा दम होता. आजचा टॉप उलटा करून शिवण बघा. माया सोडलेलीच नसते, काठाला ओव्हरलॉक मारून मोकळे! म्हणजे घट्ट झाला तर उसवून सैल करायची सोय नाही. कापडात सूत, पॉलिएस्टर, स्पॅन्डेक्स (ताणला जाणारा कृत्रिम धागा) असे कालवलेले की ते पुन्हा सुटे करणं अवघड आणि खर्चिक. जगभरात जुन्या कपड्यांपासून पुन्हा कपडे बनण्याचं प्रमाण १ टक्क्याच्याही खाली आहे. त्यामुळे दुकानातल्या 'रिसायकल' पेटीत टी-शर्ट टाकायचा आणि मिळालेल्या कूपनवर नवा घ्यायचा, हा प्रकार मला तरी विनोदी वाटतो.

"जुने कपडे पानिपतला जातात की" असं कोणी म्हणेल. (आपल्याला ते गाव भलत्याच कारणासाठी पाठ आहे.) तिथे परदेशात टाकून दिलेले कपडे कांडला बंदरातून येतात, परत अंगावर घालायला विकता येऊ नयेत म्हणून आधीच कापलेले. बायका खाली बसून बटणं, चेन, अस्तर काढतात आणि रंगवार ढीग लावतात. रंग आधीच जुळलेला असला की धागा नव्याने रंगवावा लागत नाही. मग चिंध्या पिंजून सूत, सुतापासून ब्लँकेट. आपत्तीत वाटली जाणारी स्वस्त ब्लँकेटं कितीतरी वर्षं इथूनच गेली. पिंजताना उडणारी धूळ कामगारांच्या छातीत जाते, ते वेगळंच. पण हा सगळा धंदा लोकरीच्या स्वेटर-कोटांवर उभा राहिला. आता त्याच पानिपतात नव्या पॉलिएस्टरची फ्लीस ब्लँकेटं बनतात, कारण ती हलकी आणि मऊ असतात.

राहिलं दान. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे निघालेल्या मदतीत जुन्या कपड्यांचे इतके ढीग होते की "कृपया जुने कपडे पाठवू नका" असं सांगायची वेळ आली. आपलं कपाट रिकामं झालं आणि पुण्यही पदरात पडलं. ढीग उपसायचा कोणी?

आणि मुळात दोनशे रुपयांत टॉप परवडतो कसा? २४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात ढाक्याजवळ सावारमध्ये राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले होते. खालच्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली. वरच्या कारखान्यांतल्या शिलाई कामगारांना मात्र पगार कापायची भीती घालून आत बोलावलं. १,१३४ माणसं गेली. त्यानंतर इमारतींची तपासणी सुधारली, मजुरी मात्र मागितली तेवढी वाढली नाही. २०२३ मध्ये कामगारांनी महिना किमान २३,००० टाका (बांगलादेशचं चलन) मागितले, ठरले १२,५००.

आता कोणीतरी लिहिणारच, "मग गरिबांनी स्वस्त कपडे घालायचेच नाहीत का?" घालावेत की. पहिल्या पगारात चार टॉप घेणाऱ्या पोरीला बोल लावायचा माझा अजिबात विचार नाही. मला विचारायचंय ते विकणाऱ्याला. फ्रान्समध्ये २००७ पासून कायदा आहे, कपडे बाजारात आणणाऱ्या कंपन्यांनी जुने कपडे गोळा करण्याचा आणि निवडण्याचा खर्च उचलायचा. आपल्याकडे प्लास्टिक, ई-कचरा, टायर यांना असा नियम लावलाय, कपड्याला नाही. टायर कंपनीवर जुन्या टायरची जबाबदारी टाकता येते, तर टॉप विकणाऱ्यावर का नाही? फक्त नियम आलाच तर त्या पैशातून चिंध्या निवडणाऱ्या बायकांची मजुरी आधी निघाली पाहिजे. नाहीतर तोही पैसा 'आम्ही पर्यावरण जपतो' छाप हिरव्या पानांच्या जाहिरातींवरच जायचा.