मुकुट दिसला की बिल्ला लाखाचा?

देवळाली कॅम्प, नाशिकरोडकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: घरात मुकुट असलेला लष्करी टोपीचा बिल्ला सापडला तर तो 1947 पूर्वीचा, पितळी असेल तर अस्सल, त्यावरचा आकडा बटालियनचा आणि किंमत लाखात.

आधी मुकुट. भारतीय सैन्याच्या चिन्हांवरून तो स्वातंत्र्याच्या दिवशी गेला नाही. 26 जानेवारी 1950 ला गेला. शिवाय सगळे मुकुट सारखे नसतात. 1901 नंतरच्या राजांचा मुकुट वरून गोल, घुमटासारखा. एलिझाबेथ राणीच्या मुकुटाच्या कमानी मधोमध दबलेल्या. भिंग लावलं की फरक लगेच कळतो. राणी गादीवर आली 1952 मध्ये, तेव्हा आपल्या सैन्यात मुकुट उरलाच नव्हता. म्हणजे दबलेल्या कमानी आणि खाली मराठा लाइट इन्फन्ट्री, असा बिल्ला कुणी ‘आजोबांचा’ म्हणून पुढे केला तर तो सरळ बनावट समजा.

पितळेचं म्हणाल तर नकली बिल्लेही पितळेचेच असतात. उलट दुसऱ्या महायुद्धात धातूच्या टंचाईमुळे ब्रिटिशांनी चक्क प्लास्टिकचे बिल्ले काढले, आणि ते अस्सल आहेत. बिल्ला उलटा करून बघा. साच्यावर ठोकलेल्या बिल्ल्याला समोर जिथे उठाव, तिथे मागे खळगा दिसतो. ओतीव नकलेची पाठ बहुधा सपाट, दाणेदार. अक्षरांच्या कडाही बोथट. जुन्याच साच्यावर नव्याने ठोकलेले मात्र भल्याभल्यांना फसवतात.

आकड्याचा घोळ ब्रिटिशकालीन भारतीय सैन्याच्या 1922 च्या फेररचनेमुळे. तेव्हा आधी स्वतंत्र असलेली 103वी मराठा ही रेजिमेंट 5व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन झाली, 105वी दुसरी, 117वी पाचवी. त्यामुळे मराठ्यांच्या बिल्ल्यावरचा 5 हा अख्ख्या रेजिमेंटचा, आणि 105 दिसला तर बिल्ला 1922 पूर्वीच्या रचनेतला.

राहिली किंमत. देवळालीत ब्रिटिश सैनिकांचा ट्रान्झिट कॅम्प होता. विलायतेच्या बोटीची वाट बघत तऱ्हेतऱ्हेच्या रेजिमेंटचे लोक इथे पडून असायचे. त्यांचं काहीबाही इथे सापडणारच. तोफेचा, ‘उबिक्वे’ लिहिलेला रॉयल आर्टिलरीचा, म्हणजे ब्रिटिश तोफखान्याचा बिल्ला तर लाखो जवानांनी टोपीला लावला. जी वस्तू एवढी मुबलक, तिला लाख रुपये कोण मोजणार?

आणि मेसेज वाचून कुणी बिल्ला चिंचेने घासायला घेतला असेल तर तेवढं थांबवा. चकचकीत केलेल्या, नक्षी झिजलेल्या बिल्ल्याला संग्राहक कमीच भाव देतात.